बंदरात शिरण्याआधी: सातारा-सांगलीच्या नव्या डेक कॅडेटसाठी

सांगलीत पाऊस लागून राहिला की सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: “आयर्विनला किती फूट?” ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. हा आकडा म्हणजे पात्राची खोली नव्हे. पुलापाशी एक शून्य ठरवलेलं आहे, तिथून पाणी किती वर चढलं तेवढंच तो सांगतो. पण त्यावरून सूर्यवंशी प्लॉटात पाणी कधी शिरणार, आपल्या दारात कधी येणार, हे जो तो मनातल्या मनात काढतो. बंदराजवळ जहाज नेण्याचा निम्मा हिशोब असाच असतो. त्यामुळे “आमच्याकडे समुद्र कुठंय सर?” म्हणून बिचकू नका. पाण्याचा आकडा वाचायची सवय तुम्हाला घरूनच आहे.

जॉइनिंगआधी मुलांचे फोन येतात आणि बहुतेकांना विचारायचं असतं की बर्थला, म्हणजे धक्क्याला, जहाज लावताना काय करायचं. मला वाटतं हा प्रश्न जरा उशिराच्या टप्प्याचा आहे. बर्थपाशी जहाज जेमतेम रांगत असतं, टग (ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) धरून असतात, पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, शेजारी असतो. खरी गोची त्याआधीच्या दोन-तीन तासांत होते: खोल समुद्र संपलेला, वेग अजून उतरलेला नाही, पायलट अजून चढलेला नाही, समोर शंभर दिवे. म्हणून हा लेख त्या दोन-तीन तासांबद्दल. उदाहरणं मुंबई-न्हावाशेवाची घेतो. तासगावची द्राक्षं आणि सांगलीची हळद ज्या वाटेने बाहेर जाते, ती वाट आपल्या मुलांना माहीत असलेली बरी.

पहिली पायरी: कागदावर आधी पोहोचा

पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाचा आराखडा, बर्थपासून बर्थपर्यंत लागतो, पायलट स्टेशनपर्यंतचा नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९९ च्या ठरावात त्याचे चार टप्पे सांगितले आहेत: माहिती गोळा करणं, आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख. ओरल परीक्षेत हे विचारतातच. प्लॅन बनवायचं काम सेकंड मेट या अधिकाऱ्याचं, पण कॅडेटने, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याने, शेजारी उभं राहून बघावं. भारतीय पाण्याचे चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, डेहराडूनचं राष्ट्रीय जलमापन कार्यालय काढतं. भरतीची कोष्टकं असतात, किनाऱ्याची वर्णनं देणारी पायलट बुकं असतात, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ताजे इशारे: अमुक बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) जागेवर नाही, तमुक ठिकाणी गाळ काढायचं काम चालू आहे. चार्ट छान दिसतो म्हणून तो आजचा असतोच असं नाही.

आखणी करताना चार गोष्टी शोधा. जहाजाची रेघ. ती वळते तिथे सुकाणू नेमकं कधी फिरवायचं ती जागा, कारण जहाज गाडीसारखं लगेच वळत नाही. जिथे अजिबात जायचं नाही ते भाग. आणि चौथी, जी नवीन मुलं हमखास विसरतात: मागे फिरायची शेवटची जागा.

साताऱ्याकडच्या मुलांना हे पटकन कळतं. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढायला लागलात की रस्ता एकेरी. ब्रेकचा वास यायला लागला, मागे फिरावंसं वाटलं, तरी फिरता येत नाही. जे ठरवायचं ते घाटाच्या पायथ्याला ठरवायचं. चॅनेलचंही, म्हणजे बंदरात शिरायच्या खोल पण अरुंद वाटेचंही, तसंच. एका ठराविक बोयाच्या आत गेलात की दोनशे-तीनशे मीटर लांबीचं जहाज वळवायला रुंदीच उरत नाही. ती जागा चार्टवर ठळक खूण करून ठेवायची आणि तिच्या आधी विचारायचे प्रश्न बाजूला लिहायचे: पायलट नक्की आहे का, बर्थ रिकामा आहे का, इंजिन उलटं चालवून बघितलं का, दिसतंय किती, पाणी पुरेसं आहे का. एकाचंही उत्तर “नाही” आलं तर बाहेरच थांबायचं किंवा नांगर टाकायचा. मिरजेच्या आउटरला गाडी उभी राहिली की आपण वैतागतो. पण प्लॅटफॉर्म मोकळा नसताना गाडी आत घेणारा स्टेशन मास्तर कुणाला हवाय?

दुसरी पायरी: पाण्याचा हिशोब, आणि अडीच कुणाचे?

चार्टवर छापलेली खोली चार्ट डेटम नावाच्या शून्यापासून मोजलेली असते. त्यात त्या वेळची भरती मिळवायची, मग जहाजाखाली खरं पाणी किती ते कळतं. मुंबईत दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस मुंबई महापालिका आधीच जाहीर करते, ते पेपरात तुम्ही वाचले असतील. वर गुजरातेत भावनगरकडे गेलात तर भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली घर एवढं पाणी.

आता एक बेरीज-वजाबाकी हातानेच करू. जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेली उंची, १२.६ मीटर. चॅनेलची चार्टवरची कमीत कमी खोली १३ मीटर. भरती २.४. म्हणजे पाणी १५.४. वरवर बघता २.८ मीटर शिल्लक, मजा आहे.

पण उथळ पाण्यात जहाज चाललं की ते खाली बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. जहाजाखालून पाणी जोरात निघतं, दाब कमी होतो, आणि जहाज बूड टेकवल्यासारखं खाली जातं. ढोबळ सूत्र असं: ब्लॉक कोएफिशंट (जहाजाचा बुडालेला भाग किती चौकोनी आहे तो आकडा) गुणिले नॉटमधल्या (ताशी सागरी मैलांतल्या) वेगाचा वर्ग, आणि अरुंद चॅनेलमध्ये त्याला ५० ने भागायचं, मोकळ्या पाण्यात १०० ने. आपला कोएफिशंट ०.८ धरा. ८ नॉटला अरुंद चॅनेलमध्ये स्क्वॉट निघतो १.०२ मीटर. शिवाय वळताना जहाज कलतं. ३२ मीटर रुंदीचं जहाज नुसतं २ अंश कललं तरी एक कड ५६ सेंटीमीटर खाली जाते. आता शिल्लक राहिली १.२२ मीटर. जहाजाखाली निदान ड्राफ्टच्या १० टक्के पाणी हवं असा कंपनीचा नियम असेल तर १.२६ लागतात. चार सेंटीमीटरनी नापास.

उपाय? वेग ६ नॉट करा. स्क्वॉट ५८ सेंटीमीटरवर येतो आणि शिल्लक १.६६ होते. दोन नॉट कमी केले आणि जवळजवळ अर्धा मीटर पाणी फुकटात मिळालं. हल्दियासारख्या नदीवरच्या बंदरात आणखी एक गोष्ट धरायची: गोड पाणी हलकं, त्यात जहाज थोडं जास्त बुडतं.

आता माझी फजिती. कॅडेट असताना सेकंड मेटनी मला काम दिलं: भरती उतरायला लागल्यावर जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत उथळ पट्टा ओलांडता येईल ते काढ. मी कोष्टक उघडलं, अर्धा तास घाम गाळला आणि ऐटीत सांगितलं, “सर, अडीचपर्यंत.” सेकंड मेट रत्नागिरीचे होते. त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. एवढंच विचारलं, “अडीच कुणाच्या घड्याळात?”

कोष्टक भारतीय वेळेत होतं. आम्ही आखातातून येत होतो आणि जहाजाची घड्याळं अजून ग्रीनिचच्या पाच तास पुढे होती, साडेपाच नाही. ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या खोलीतल्या) घड्याळात अडीच वाजले असते तेव्हा मुंबईत तीन वाजलेले असते. भरती सहा तासांत उतरते असं धरलं आणि एकूण फरकाचे बारा भाग केले, तर तासागणिक भाग असे जातात: १, २, ३, ३, २, १. म्हणजे फरक चार मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत तासाला एक मीटर पाणी उतरतं. अर्ध्या तासाची चूक म्हणजे अर्धा मीटर. वरच्या हिशोबातले १.६६ मधून ५० सेंटीमीटर काढा. परत नापास. त्या दिवसापासून वेळ लिहिली की पुढे झोन लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही. घरी दूधवाल्याच्या हिशोबातसुद्धा.

तिसरी पायरी: यंत्रं तपासा, नांगर मोकळा करा

पोहोचायच्या काही तास आधी इंजिन रूमला नोटीस जाते, म्हणजे ते इंजिन बंदराच्या चालीवर आणतात. चेकलिस्ट असतेच. त्यातल्या तीन गोष्टींवर टिकची खूण डोळे झाकून करू नका.

इंजिन पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालवून बघायचं. मोकळ्या समुद्रात मागे चाललं नाही तर फार तर लाज जाते. चॅनेलमध्ये चाललं नाही तर जहाज जातं.

सुकाणूच्या दोन्ही मोटारी चालू करायच्या, ऑटोपायलट काढून हातावर घ्यायचं, आणि सुकाणूवर तयार माणूस उभा करायचा. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ब्रिजवरचा काटा आणि खालचं खरं सुकाणू जुळतं का तेही बघायचं.

तिसरी गोष्ट नांगर. आपल्याकडे नांगर म्हटलं की शेत आठवतं. जहाजाचा नांगर तळात रुतवून जहाज धरायचं, हा विचार मला सुरुवातीला उलटाच वाटायचा. बोसन (खलाशांचा मुकादम) आणि एक अधिकारी पुढे उभे करायचे, साखळीची बांधणी सोडायची, अडसर काढायचा, म्हणजे हुकूम मिळताच नांगर सुटेल. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये डाली या कंटेनर जहाजाची वीज बंदरातून निघतानाच गेली. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. नांगर टाकला गेला, पण थांबायला तेवढं अंतर उरलं नव्हतं. फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा कामगार गेले. नांगर सुटायला तयार असूनही हे झालं. तो बांधलेलाच राहिला असता तर काय, याचा विचार करा.

चौथी पायरी: वेग आधी उतरवा

१२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. सांगली-मिरज रस्त्यावर गर्दीच्या वेळी एसटी याच चालीने जाते, म्हणून हा वेग मुलांना किरकोळ वाटतो. पण भरलेलं जहाज इंजिन बंद केल्यावरही कितीतरी वेळ सरकतच राहतं. एक सोपी युक्ती: नॉटमधल्या आकड्याला १० ने भागलं की सहा मिनिटांत किती सागरी मैल जाल ते मिळतं. १२ नॉटला १.२ मैल. बोया तीन मैलांवर आहे म्हणजे हातात पंधरा मिनिटं. तेवढ्यात रेडिओवर बोलायचं, कॅप्टनना बोलवायचं, पायलटची शिडी लावायची. जमेल?

म्हणून प्लॅनमध्ये प्रत्येक टप्प्यावर वेग लिहिलेला असावा: अमुक ठिकाणी १०, अमुक ठिकाणी ८. लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त दिसला तर कॅडेटनेही बोलायचं. “सर, प्लॅनप्रमाणे ८ हवा, आत्ता ९.५ आहे.” एवढंच. कुणी खवळलं तर खवळू दे.

पाचवी पायरी: बोये आणि दिवे

भारत ज्या विभागात येतो तिथे बंदरात शिरताना लाल बोये डावीकडे, हिरवे उजवीकडे. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्सला हे उलट. पहिल्या कॉन्ट्रॅक्टला ह्यूस्टनला गेलात तर आदल्या रात्री हे स्वतःला तीनदा सांगा.

काळ्या-पिवळ्या दिशादर्शक बोयांवर दोन-दोन शंकू असतात. दोन्ही टोकं वर म्हणजे उत्तर, दोन्ही खाली म्हणजे दक्षिण. पूर्वेचा बुडाला बूड लावलेला, शंकरपाळ्यासारखा. पश्चिमेचा टोकाला टोक, अगदी डमरू. रात्री घड्याळ आठवा: पूर्वेला ३ लुकलुका, दक्षिणेला ६ आणि शेवटी एक लांब, पश्चिमेला ९, उत्तरेला अखंड. उत्तरेचा बोया असेल तर त्याच्या उत्तरेकडून जायचं, बाकीच्यांचंही तसंच.

रात्री मुंबईकडे येताना मात्र हे सगळं शहराच्या उजेडात विरघळतं. इमारती, जाहिरातींचे फलक, गाड्यांचे दिवे, आणि त्यात कुठंतरी चार सेकंदांनी एकदा लुकलुकणारा एक बारीक लाल ठिपका. तो ओळखायचा एकच मार्ग: स्टॉपवॉच. चार्टवर वाचलेला काळ आणि हातातला काळ सलग तीन वेळा जुळला की मग म्हणायचं, हा तोच. प्राँग्जच्या दीपगृहाचंही असंच. “दिसला वाटतं” हा शब्दप्रयोग ब्रिजवर करू नका. आणि बोया साखळीने बांधलेला असतो, तो सरकू शकतो. म्हणून रडारवर पक्क्या किनाऱ्यापासूनचं अंतर धरून समांतर रेघ लावतात. एकडिसच्या (चार्ट दाखवणाऱ्या संगणकाच्या) पडद्यावर जहाज बरोबर रेघेवर दिसत असलं तरी ते जीपीएसचं म्हणणं आहे. खिडकीचं म्हणणं काय आहे तेही विचारा.

सहावी पायरी: होड्या आणि रेडिओ

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ऑगस्ट उजाडला की सगळ्या होड्या एकदम बाहेर. त्यात मुंबईच्या आसपास डोल जाळी एका जागी रोवलेली. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ९ सांगतो की चॅनेलमधल्या मोठ्या जहाजाला मासेमारी करणाऱ्याने अडथळा करू नये. पण रात्रभर जाळ्याशी झटलेल्या तांडेलाकडे तुमची नियमांची वही नसते. लहान होडीवर एआयएस (आपली ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) असेलच असं नाही, लाकडी होडी रडारवरही धड उमटत नाही. म्हणून दुर्बीण. कंपासवर बेअरिंग, म्हणजे होडी दिसते ती दिशा, घेत राहा. बेअरिंग बदलत नाही आणि अंतर कमी होतंय म्हणजे टक्कर होणार आहे. शंका आली तर पाच छोटे भोंगे, लाजू नका.

याच सुमाराला मोबाइलला रेंज येते. महिनाभर घरच्यांशी धड बोलणं नाही, खिशात फोन थरथरतो, आईचा असतो. फोन केबिनमध्ये ठेवून या. आई दोन तास थांबेल.

रेडिओवर वाहतूक नियंत्रणाला जहाजाचं नाव, ड्राफ्ट, यायची वेळ सांगायची असते. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. यासाठी ठरलेली वाक्यं आहेत, ती पाठ करा. आकडे सुटे सांगायचे: दीडशे अंश म्हणजे “वन फाइव्ह झीरो”. दुसरं जहाज टाळण्यासाठी मात्र रेडिओवर गप्पा मारत बसू नये. समोरचा नक्की कोण बोलतोय हेच अनेकदा कळत नाही, आणि तोवर अंतर संपतं.

सातवी पायरी: पायलट चढतो

पायलटची शिडी लावणं हे बऱ्याचदा कॅडेटचं पहिलं जबाबदारीचं काम. पाण्यापासून डेकची उंची ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर दोरीची शिडी आणि बाजूचा जिना दोन्ही जोडून लावतात. दोर झिजलेला नाही, पायऱ्या आडव्या आहेत, शेजारी दिव्याचा लाइफबॉय आहे, अधिकारी रेडिओ घेऊन हजर आहे, हे बघायचं. जहाज असं धरायचं की शिडीच्या बाजूला लाटा कमी लागतील. पायलटच्या बोटीवर रात्री वर पांढरा, खाली लाल दिवा असतो.

तो वर आला की चहा नंतर, कागद आधी. जहाजाच्या वळण्या-थांबण्याची माहिती, ड्राफ्ट, बिघडलेलं काही असेल तर ते न लपवता, आणि त्याचा बेत: किती टग, कुठला बर्थ, समोरून कोण बाहेर येतंय आणि ते कुठे भेटणार. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या वाटेवर बाहेर निघालेलं एमएससी चित्रा आणि आत येणारं खलिजिया-३ यांची टक्कर झाली. चित्रा कललं, कंटेनर समुद्रात पडून तरंगत राहिले आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

पायलट आला म्हणजे कॅप्टनची जबाबदारी संपली असं नाही, आणि तुमची तर नाहीच. तो सल्ला देतो, पण लक्ष सगळ्यांनी ठेवायचं. “स्टारबोर्ड टेन” (उजवीकडे दहा अंश) म्हटलं की सुकाण्याने “स्टारबोर्ड टेन” परत म्हणायचं, आणि सुकाणू तिथे पोहोचलं की पुन्हा सांगायचं. कॅडेटने काट्याकडे बघायचं, कारण तोंडाने स्टारबोर्ड म्हणत हाताने पोर्ट, म्हणजे डावीकडे, फिरवणारे चांगले जुने लोकही मी पाहिलेत. चॅनेलमध्ये आपल्या उजव्या कडेने जायचं, पण कडेला फार चिकटायचं नाही. काठाजवळ शेपूट काठाकडे ओढलं जातं आणि नाक मध्यभागी फिरतं. सुकाणू जड वाटायला लागलं, जहाज थरथरायला लागलं, तर खाली पाणी कमी झालंय. वेग उतरवायला सांगा.

आठवी पायरी: दोर

टग लागले, हिव्हिंग लाइन (मोठ्या दोराआधी फेकायची बारीक दोरी) गेली, की कॅडेट बहुधा मागच्या किंवा पुढच्या डेकवर असतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. तुटलेला दोर दिसत नाही, फक्त लागतो.

इंजिन बंद झालं, कॅप्टन खाली गेले, तरी कोष्टक मिटू नका. आता तेच पाणी जहाज वर उचलणार आणि खाली नेणार आहे. मुंबईत उधाणाला सहा तासांत चार मीटर. भरतीला दोर ताणतात, ओहोटीला सैल पडतात, गँगवेचा, म्हणजे चढ-उतरायच्या जिन्याचा, उतार बदलतो. पहिल्या रात्री वॉच, म्हणजे पहारा, तुमचा असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा भारतीय वेळेत कागदावर लिहून गँगवेवर लावा, मधल्या दोन तासांत दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढून मागे चक्कर मारा, आणि दोर हाताने दाबून नाही, लांबून बघून तपासा.